शेंड्यावरच्या अळ्या: दोन एकर हरभऱ्याचं एक प्रकरण

शनिवारी सकाळी पावणेसातला मामांचा फोन. मामा एवढ्या सकाळी फोन करत नाहीत, केलाच तर गावात कुणीतरी गेलेलं असतं, त्यामुळे मी दचकून उठूनच बसले. तर म्हणाले, "ते तुझं व्हायरसचं पाणी गेलं बघ वाया. अळी डबल झाली. पार शेंड्याला येऊन बसलीय, बांधावरून उभ्यानं दिसतीय. मी आज इमामेक्टिन मारून मोकळा होतो."

इमामेक्टिन म्हणजे अळी मारायचं रासायनिक औषध. मी म्हणलं मामा, आजचा दिवस दम धरा, मी येते. "तू येऊन काय अळ्या वेचणारेस का?" पण थांबले. पुण्याहून मिळेल ती गाडी पकडली, कारण फवारणी माझ्या सांगण्यावरून झालेली, एमएस्सीला कीटकशास्त्र घेतलेलं आणि त्यानंतर नोकरी मात्र भलत्याच लाईनीत, त्यामुळे घरात आधीच "हिच्या शिक्षणाचा काय उपयोग" हा विषय अधूनमधून निघतोच, त्यात हे.

आधी प्लॉटची माहिती देते म्हणजे पुढचं कळेल. मराठवाड्यातली काळी जमीन, दोन एकर, जाकी ९२१८ जातीचा हरभरा, सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेला, पाणी तुषारचं. डिसेंबर संपता संपता फुलं आणि घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) दोन्ही सोबत, आणि नेमकं तेव्हाच चार दिवस आभाळ. हरभरावाल्यांना सांगायला नको की आभाळ आलं की घाटेअळी येणार.

घाटेअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हीच कापसावर गेली की हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी, टोमॅटोवर फळ पोखरणारी, बाई एकच आणि सासरं चार. मादी पतंग कोवळ्या शेंड्यावर, फुलांवर एकेक अंडं सुटं सुटं घालत जाते. बारकी अळी पानं खरवडते, जरा अंगानं भरली की घाट्याला गोल भोक पाडते आणि डोकं आत, अर्धं अंग बाहेर अशा थाटात दाणा खात बसते. एक अळी तिच्या जन्मात ३०-४० घाटे संपवते, म्हणजे झाडाला एक जरी धरली तरी काय उरतं त्याचा हिशोब करा.

मामांनी कामगंध सापळे लावलेले होते, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग सापडायला लागले की फवारणीचं बघायचं हा नेहमीचा ठोकताळा. तसे सापडले, ओळीत मीटरभर झाडं हलवली तर दोन-तीन बारक्या अळ्या पडत होत्या, म्हणजे वेळ झालेली. मी म्हणलं यंदा एचएएनपीव्ही मारू.

एचएएनपीव्ही हा विषाणू आहे, फक्त हेलिकोव्हर्पाला होणारा. दुसऱ्या अळीला नाही, मधमाशीला नाही, जनावराला नाही, माणसाला नाही. शिफारस हेक्टरी ५०० एलई. एलई म्हणजे एक मेलेली अळी कुस्करली तर तिच्यातून निघेल तेवढा विषाणू, म्हणजे हेक्टरी ५०० अळ्यांचं पाणी, एकराला २००. हे ऐकून मामी म्हणाल्या होत्या "ई!" आणि विषय संपला होता.

मामांचा त्यावर विश्वास नव्हता आणि का नव्हता तेही रास्त होतं. मागच्या वर्षी तालुक्याच्या एका दुकानातून बाटली आणली होती, ती बाटली दुकानात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात किती महिने उभी होती देव जाणे, वर फवारली सकाळी अकराला. रिझल्ट शून्य. विषाणूला ऊन चालत नाही, अतिनील किरणांनी तो निकामी होतो, अकराच्या उन्हात फवारणं म्हणजे बी भाजून पेरणं. यंदा बाटली नीट थंड जागेत ठेवलेली बघून आणली, सोमवारी संध्याकाळी पाचनंतर पाठीवरच्या पंपानं मारली, पाण्यात लिटरला एक ग्रॅम नीळ टाकली, हो कपड्याचीच नीळ, ती उन्हापासून विषाणूला थोडं झाकते, आणि थोडा गूळ, अळीनं चवीनं खावं म्हणून. पंपातून निळं पाणी निघताना बघून शेजारचे काका विचारत होते हरभऱ्याला धुवायला काढलंय का.

सोमवारी फवारणी, मंगळवारी काही नाही, बुधवारी काही नाही. रासायनिक औषधाची सवय झालेल्या माणसाला हे फार जड जातं, कारण ते मारलं की दुसऱ्या दिवशी अळी खाली पडलेली दिसते आणि जिवाला बरं वाटतं. इथे गुरुवारपर्यंत अळ्या आपल्या खातायत. शुक्रवारी संध्याकाळी काही शेंड्यावर दिसायला लागल्या. शनिवारी सकाळी एवढ्या दिसल्या की मामांनी फोनच केला.

मी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. पंप पाण्यानं भरून बांधावर ठेवलेला, औषधाची पुडी फोडायची तेवढी बाकी, म्हणजे मामा शब्दाला जागले होते पण जेमतेम.

आणि खरंच, बांधावरून दिसत होत्या. उतरतं ऊन समोरून, हरभऱ्याचा हिरवा गालिचा आणि त्यात जागोजाग शेंड्यावर काहीतरी फिकट लोंबतंय, जणू कुणी दोऱ्याचे तुकडे टाकलेत. माझ्या पोटात पण क्षणभर गोळा आला, खोटं का बोलू. मग खाली बसले.

पहिली अळी बघितली ती जिवंत होती. एरवी घाटेअळीला बोट लावलं की ती आकडा करून टपकन खाली पडते, हा तिचा हातखंडा. हिला बोट लावलं तर हलली नाही. डोकं जरासं फिरवलं, बस. रंग हिरवा राहिलाच नव्हता, पिवळट-पांढरट, पोटाकडून किंचित गुलाबी झाक, अंग सुजल्यासारखं तुकतुकीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्या बाजूला दोन इंचावर छान भरलेला घाटा होता आणि तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलेलं नव्हतं. दुसरी अळी मेलेली. मागच्या पायांनी शेंडा गच्च धरलेला, पुढचं अंग खाली लोंबतंय, काही तर मधल्या पायांवर अडकून दोन्ही टोकं खाली अशा उलट्या व्हीसारख्या. तिसरीला मी काडी लावली मात्र, कातडं पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं फुटलं आणि आतून तपकिरी-पांढरं पाणी ओघळलं, एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून खालच्या घाट्यावर. अळीत अळी असं काही उरलंच नव्हतं, नुसतं कातडं आणि आत रस.

मामा मागे उभे. "मेलीय व्हय ही?"

म्हणलं मेलीय, आणि ही जी जिवंत दिसतीय ती उद्या सकाळपर्यंत मरतीय.

"मग वर कशाला आली मरायला?"

हाच तो प्रश्न. मामांनी एका वाक्यात विचारला आणि शास्त्रज्ञांना त्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ घालवावा लागलाय. जर्मन लोकांनी १९व्या शतकातच आपल्या जंगलांत बघितलं होतं की काही सुरवंट आजारी पडले की झाडाच्या पार शेंड्याला जाऊन लोंबकळून मरतात, त्यांनी त्याला शेंड्याचा रोग अशा अर्थाचं नावच देऊन टाकलं होतं. कारण माहीत नव्हतं. त्यामागे बॅक्युलोव्हायरस नावाचं विषाणूंचं घराणं आहे हे पुढे कळलं, आणि आपला एचएएनपीव्ही त्याच घराण्यातला.

आधी अळीच्या पोटात काय होतं ते. विषाणू पानावर सुटा नसतो, प्रोटीनच्या कडक खड्यात बंद असतो, खडीसाखरेत दोरा असतो ना तसा. हे खडे जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. अळीनं पानासोबत खडा खाल्ला की तो तिच्या मधल्या आतड्यात जातो, तिथे आपल्या पोटाच्या अगदी उलट कारभार, आम्ल नाही तर कडक अल्कली, पीएच १० च्या आसपास, त्यात खडा विरघळतो आणि विषाणू मोकळा. (आपल्या पोटातल्या आम्लात हा खडा असा उघडतच नाही आणि आपल्या पेशीत या विषाणूला वाढता येत नाही, मामींनी हा प्रश्न मला तीनदा विचारलाय म्हणून लिहिलं.) आतड्याच्या पेशीत शिरून तो स्वतःच्या प्रती काढतो, तिथून सगळ्या अंगात पसरतो, चरबीत, श्वसनाच्या नळ्यांत, कातड्यात. चार-पाच दिवस अळी वरून बऱ्यापैकी नॉर्मल, खाते पण. आणि मग शेवटी विषाणूच्याच जनुकांवरून बनलेली दोन एन्झाइम कामाला लागतात, एक कायटिन (अळीच्या कातड्याला कडकपणा देणारं द्रव्य) तोडणारं, एक प्रोटीन पचवणारं, दोघं मिळून अळीचा आतून रस करून टाकतात. यातलं एक जरी जनुक काढून टाकलं तरी अळी मरते पण वितळत नाही, हे प्रयोग करून बघितलेलं आहे. एका मोठ्या मेलेल्या अळीत असे अब्जावधी खडे असतात.

आता विषाणूच्या बाजूनं विचार करा. अळी जर जमिनीवर पडून मेली तर हे अब्जावधी खडे मातीत. शेंड्यावर मेली तर फुटल्यावर रस खाली ओघळतो, दव पडलं, पाऊस आला की पूर्ण झाडावर, आणि ती पानं उद्या दुसरी अळी खाणार. पक्ष्यानं उचलली तर त्याच्या विष्ठेतून आणखी लांब. म्हणजे उंची हा सगळा खेळ आहे.

पण "फायदा होतो" म्हणजे "विषाणूच करवतो" असं सिद्ध होत नाही, आणि इथेच मला हे प्रकरण आवडतं. कदाचित अळीला ताप आल्यासारखं होत असेल आणि ऊब घ्यायला ती वर जात असेल? कदाचित हवा लागावी म्हणून? कदाचित आजारी अळी भेलकांडत कुठेही जाते आणि आपल्याला फक्त वरच्याच दिसतात, कारण खालच्या कोण बघतो? मामांनी तेच केलं होतं ना, बांधावरून बघितलं आणि म्हणाले डबल झाली.

२०११ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या केली हूव्हर आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी हा प्रश्न सरळ अंगावर घेतला. त्यांचा किडा वेगळा, जिप्सी मॉथचे सुरवंट, ज्याला आता तिकडे स्पाँजी मॉथ म्हणतात, जंगलंच्या जंगलं बोडकी करणारा. त्याचे धडधाकट सुरवंट रात्री वर चढून पानं खातात आणि दिवसा पक्ष्यांच्या भीतीनं खाली उतरून सालीच्या खाचेत लपतात. आजारी सुरवंट उतरतच नाही. या लोकांचा संशय विषाणूच्या एका जनुकावर होता, ईजीटी. हे जनुक करतं काय, तर अळीच्या कात टाकण्याच्या हार्मोनला साखरेचा एक रेणू चिकटवून ते निकामी करतं. हार्मोन बंद म्हणजे कात टाकणं बंद, आणि कात टाकताना अळी खाणं थांबवते, ते थांबणं पण बंद, म्हणजे अळी खातच राहते, वाढतच राहते, आणि विषाणूला जास्त मोठं घर मिळतं. हे १९८९ पासून माहीत होतं. हूव्हरबाईंनी काय केलं, तीन प्रकारचे विषाणू घेतले: साधा, ईजीटी काढून टाकलेला, आणि काढून परत बसवलेला. सुरवंटांना दिले आणि उंच भांड्यात ठेवून बघत बसले कोण कुठे मरतं. साधा विषाणूवाले वर मेले. ईजीटी काढलेले खाली मेले. परत बसवलेले पुन्हा वर मेले.

एक जनुक, आणि ते पण दुसऱ्याच्या अंगातलं. मला तरी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून वाचत होते आणि पोहे गार झाले.

तेव्हापासून पेपरवाले "झोंबी सुरवंट" म्हणून हेडिंगं देतात, ते मला मुळीच पटत नाही. झोंबी म्हणलं की वाटतं विषाणू आत बसून स्टिअरिंग फिरवतोय. इथे तसं काही नाही, अळीकडे वर चढायची यंत्रणा आधीपासून आहे, उतरायची पण आहे, विषाणू फक्त एखादा नट ढिला करतो. आणि प्रत्येक अळीत तोच नट पण नाही. हूव्हरबाईंचा निकाल आला तेव्हा सगळ्यांना वाटलं सापडलं, ईजीटीच. मग नेदरलँड्समध्ये दुसऱ्या एका अळीवर, स्पोडोप्टेराच्या जातीवर, तोच प्रयोग झाला तर तिथे ईजीटी काढलं तरी अळ्या वर जातच होत्या. तिथे खरी गोष्ट निघाली उजेडाची. उजेड वरून दिला तरच वर, अंधारात ठेवलं तर ते चढणं नाहीच. म्हणजे ती अळी "वर" जातच नव्हती, उजेडाकडे जात होती, आणि शेतात उजेड वरच असतो.

आणि आता आमच्या प्लॉटच्या कामाचं. २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी नेमक्या हेलिकोव्हर्पा आर्मिजेरावर आणि तिच्याच एनपीव्हीवर काम करून दाखवलं, म्हणजे मामांच्या हरभऱ्यावरचीच जोडी. उंच नळ्यांत वेगवेगळ्या उंचीवर एलईडी लावले, जितका दिवा वर तितकी आजारी अळी वर जाऊन मेली. मग त्यांनी अळीच्या डोळ्यांकडे मोर्चा वळवला. अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बारके साधे डोळे असतात. ते काढून टाकले तर आजारी अळ्यांचं वर चढणं गेलं. आजारी अळीत उजेड ओळखणारी दोन जनुकं आणि त्या उजेडाचा विजेचा सिग्नल करणारं एक, अशी तीन जनुकं जास्त जोरात चालू असलेली सापडली, आणि ही जनुकं मोडून टाकली तर अळ्या पहिल्यासारख्या चढेनात. थोडक्यात विषाणूनं अळीला चढायला सांगितलेलं नाही, तिला उजेड जास्त हवाहवासा करून सोडलाय.

यातली खरी गंमत कळायला घाटेअळीचं नेहमीचं वागणं माहीत पाहिजे. पूर्ण वाढलेली तब्येतदार अळी काय करते? खाली उतरते. जमिनीत शिरून कोष करते, अंधारात. म्हणजे निरोगी अळी जशी मोठी होते तशी तिची दिशा मातीकडे, आणि विषाणूवाली मरायच्या आधी नेमकी उलट्या दिशेला, उघड्यावर, भर उन्हात. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे जी दिसत नाय ती खरी दुश्मन."

बरोबर. म्हणूनच मग आम्ही नीट मोजलं. बांधावरून नाही. ओळीत खाली जुनं पोतं पसरायचं, मीटरभर झाडं हातानं जोरात हलवायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. निरोगी अळी लगेच हात सोडून टपकते, लोंबणाऱ्या तशाच लटकून राहतात नाहीतर तिथेच फुटतात, म्हणजे पोत्यावर पडल्या त्या जवळपास सगळ्या धडधाकट. फवारणीआधी मीटरला दोन-तीन पडत होत्या. आता दहा ठिकाणी पोतं टाकलं, सात ठिकाणी शून्य, दोन ठिकाणी एकेक. दहावं ठिकाण विहिरीच्या अंगाचं, तिथे चार पडल्या, चांगल्या जाडजूड, हिरव्यागार, पडल्या पडल्या पळायला लागल्या.

त्या विहिरीच्या तुकड्याचं पण कारण सापडलं. तिथे पीक आधी आलेलं, पतंग आधी आलेले, म्हणजे फवारणीच्या वेळी तिथल्या अळ्या मोठ्या झालेल्या होत्या, आणि मोठ्या अळीला विषाणूचा डोस फार जास्त लागतो. शिवाय मोठी अळी डोकं घाट्यात घालून बसलेली, फवारलेलं पान ती खातेच कुठे. हे पाणी बारक्या अळीसाठी आहे, उशीर झाला की त्याचा उपयोग नाही, आणि ही माझीच चूक होती, मी सगळा प्लॉट एकच समजून चालले होते. त्या पाचसहा ओळींवर मामांनी इमामेक्टिन मारलंच, भरलेला पंप रिकामा करायचं समाधान पण मिळालं, बाकी दोन एकर तसंच ठेवलं.

रविवारी सकाळी परत गेलो. हरभऱ्याची आंब माहीत असेल तर कल्पना येईल, पहाटे पानांवर ते आंबट दव असतं, पायाला लागलं तर चरचरतं, चपला खराब होतात. मामी लहानपणी पोटदुखीला आंब गोळा करायच्या, रात्री शेतावर स्वच्छ धडपं पसरून सकाळी पिळायचं. मी म्हणलं आज नका पिळू. त्या दवात आदल्या दिवशीच्या जिवंत अळ्या आता लोंबत होत्या आणि आदल्या दिवशीच्या लोंबणाऱ्या काळ्या पडून त्यांचे नुसते डाग उरले होते. एका शेंड्यावर दोन अळ्या होत्या, एक मेलेली आणि एक बारकी, तिच्यातच तोंड खुपसून बसलेली. घाटेअळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रयोगशाळेत पाळताना प्रत्येकीला वेगळी कुपी द्यावी लागते. ही बारकी आता मेजवानी समजून विषाणूच खात होती. चार-पाच दिवसांनी ती पण वर.

एक-दोन ठिकाणी झाडावर पांढुरके छोटे कोष पण दिसले, बाजूला वाळलेली बारकी अळी. ती कॅम्पोलेटिस नावाच्या गांधीलमाशीच्या भावकीतल्या बारक्या माशीची करामत, ती लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. रासायनिक मारलं असतं तर ही पण गेली असती. पण तो वेगळा विषय.

गावातल्या रेशीमवाल्या एका काकांना मी हे सांगत होते तर ते म्हणाले, हे तर आमच्या ग्रासरीसारखं आहे. आणि अगदी बरोबर बोलले. रेशीमकिड्याला होणारा ग्रासरी हा पण याच घराण्यातल्या विषाणूचा आजार, तिथे आजारी अळी फुगते, सांधे सुजतात आणि ती ट्रेच्या काठावरून सारखी येरझाऱ्या घालत बसते. पिढ्यान्‌पिढ्या रेशीमवाल्यांनी हे लक्षण म्हणून लक्षात ठेवलंय. जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की या येरझाऱ्यांमागे विषाणूचं पीटीपी नावाचं जनुक आहे, ते काढलं की अळी गप पडून मरते. आणि हे जनुक विषाणूचं स्वतःचं नसावं, कधीकाळी एखाद्या किड्याकडूनच उचललेलं असावं असं त्यांना वाटतं. मालकाच्याच घरचं कुलूप चोरून मालकालाच कोंडायचं. पुढे २०१२ ला त्यातल्याच काही मंडळींनी असंही दाखवलं की ते प्रोटीन एन्झाइम म्हणून काम करतं म्हणून चालणं वाढत नाही, ते असलं की विषाणू अळीच्या मेंदूत नीट पोचतो म्हणून वाढतं. ईजीटी वेगळं, पीटीपी वेगळं, उजेड वेगळा, प्रत्येक घरात वेगळी भांडणं.

काकांनी मग विचारलं की असले विषाणू शेतात फवारायचे म्हणजे माणसांना काही. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली. कोविडमध्ये पुण्यात सीरमनं कोवोव्हॅक्स बनवली, त्या लसीतलं प्रोटीन कशात तयार होतं माहितीये का, मक्यावरच्या लष्करी अळीच्या जातीच्या किड्यापासून काढलेल्या पेशींत, आणि त्या पेशींत प्रोटीनची ऑर्डर घेऊन जाणारा पोस्टमन म्हणजे बॅक्युलोव्हायरस. काकांनी कोवोव्हॅक्स घेतली नव्हती, कोव्हिशिल्ड घेतली होती, त्यामुळे त्यांना फार फरक पडला नाही.

मी रविवारी संध्याकाळी निघाले. पुढच्या शनिवारी मामांनी स्वतःहून फोन केला, यावेळी रात्री जेवणानंतर, म्हणजे सगळं ठीक. पोतं टाकून मोजलं होतं, विहिरीकडची बाजू सोडली तर कुठे एखादी. आणि एक उद्योग करून ठेवला होता. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की आजारी अळ्या गोळा करून कुस्करून फडक्यातून गाळल्या की पुढचं औषध घरीच होतं, आणि ते खरंच आहे, शेतकरी करतात तसं. मग मामा सकाळी सकाळी चिमटा आणि स्टीलचा डबा घेऊन बसले, लोंबणाऱ्या, फुटायच्या आधीच्या, अशा अडीचशे अळ्या मोजून गोळा केल्या.

म्हणलं थंड आणि अंधारी जागा लागते बरं का त्याला, उन्हात ठेवू नका.

"फ्रीजमध्येच ठेवणार होतो," मामा म्हणाले, आणि मागून मामींचा आवाज आला की त्या डब्याला फ्रीजमध्ये जागा दिली तर त्या माहेरी जातील. सध्या तो डबा रांजणाच्या मागे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलाय, वर मामांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "अळीचं पाणी. पिऊ नये."